सम्राटाच्या नावाचा दगड

रोमन लोक इंग्लंड सोडून गेल्यावर त्यांच्या पडक्या इमारतींचा माल उचलून सॅक्सन लोक चर्च बांधू लागले, बहुधा तेव्हाची ही गोष्ट असावी. गवंडी वुल्फ्रिक सम्राटाचं नाव कोरलेला एक दगड भिंतीत बसवत होता, कोरीव बाजू आत करून.

"उलटा बसवतोय हा मला," दगड कळवळला. "सम्राट परत आले की नाव दिसायला नको?"

"दादा, कोरीव बाजूला चुना चांगला धरतो," न्हाणीघराच्या मोरीतून आलेली शेजारची वीट म्हणाली. "आणि सम्राट आलेत की."

"कुठे?"

"त्यांचा संगमरवरी पुतळा भट्टीत भाजूनच हा चुना केलाय."

वुल्फ्रिकने थापीभर सम्राट उचलून नावावर थापला.

दगड हळूच म्हणाला, "महाराज, घट्ट धरा मला."