सांबराला झाड वाटलेला म्हंकू

फार वर्षांपूर्वी, जेव्हा जांभळकोंडाला यायला गाडीवाटसुद्धा नव्हती आणि घाटातलं रान इतकं दाट होतं की भर दुपारी पाण्याला जाणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत चालायच्या, तेव्हा पूर्वेकडच्या माळावर, कुसळवाडीत, म्हंकू नावाचा एक शिकारी राहत होता.

माळावर काळवीट मारणं सोपं नव्हे. तिथे लपायला एक झुडूप नसतं. खाली गुडघाभर गवत, वर मोकळं आभाळ, आणि काळविटाला दिसतं कोसभर लांबचं. माणूस नुसता उभा राहिला तरी कळप उधळतो. म्हणून म्हंकूनं एक बैल शिकवून तयार केला होता. त्याचं नाव हरण्या. हरण्या चरत चरत, रेंगाळत कळपाकडे सरकायचा आणि त्याच्या पोटाआड वाकून म्हंकू चालायचा. काळविटांना वाटायचं, बैल आहे, चरू दे. ऐंशी पावलांवर आलं की म्हंकू हरण्याच्या पाठीवरून बाण सोडायचा. तो बाण कधी चुकला नाही, असं म्हणतात. एकदा तर वावटळीत काळवीट दिसेना, तेव्हा नुसत्या टापांच्या धुळीवर नेम धरून त्यानं शिकार पाडली, असंही म्हणतात.

असा हा म्हंकू एका कार्तिकात हरण्याला घेऊन जांभळकोंडच्या जत्रेला आला. तिथे पैज लागली होती. आंब्याच्या फांदीला नारळ टांगलेला, आणि तो गोफणीनं पाडायचा. धुरपा नावाच्या एका मुलीनं पहिल्याच दगडात तो पाडला. म्हंकू पुढे होऊन म्हणाला, "आमच्याकडं पोरंसोरंही एवढं करतात."

"मग करून दाखव," धुरपा म्हणाली आणि तिनं गोफण त्याच्या हातात दिली.

धनुष्य धरणाऱ्या हाताला गोफण नवी. म्हंकूनं ती गरागरा फिरवली, दगड सुटला, उलटा मागे गेला आणि मिठाईवाल्याच्या कढईत पडला. सगळी जत्रा हसली, पण म्हंकूला ऐकू आलं ते एकट्या धुरपाचं हसणं. त्या हसण्यानं तो असा काही गुंतला की संध्याकाळ व्हायच्या आत तिच्या बापाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

बाप म्हणजे कोंडाजी. घाटातला जुना जाणता शिकारी. दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर केली.

"काय करतोस रं?"

"शिकार करतो, मामा. माळावर."

"माळावर सगळं ताटात वाढल्यासारखं दिसतं. आमचं रान दिसत नाही, ऐकावं लागतं. इथं चार महिने पाऊस कोसळतो, वाटा बंद होतात. ज्याला हे रान कळत नाही त्याच्या बायकोनं चुलीवर काय ठेवायचं?"

म्हंकू हरण्याचं दावं धरून तिथेच उभा राहिला.

कोंडाजी म्हणाला, "वरच्या वाडीचं एक स्थळ आलंय. त्यांना मी होळीला उत्तर देणार आहे. त्याच्या आत तू आमच्या रानातलं सांबर या अंगणात आण. आणलंस तर पोर तुझी. नाही आणलंस तर पुन्हा ही वाट धरू नको. आणि तोवर धुरपानं तुझ्याशी एक शब्दही बोलायचा नाही."

मग त्यानं लेकीकडे बघितलं. "तुला काय म्हणायचंय?"

धुरपा हरण्याच्या कपाळावर हात फिरवत उभी होती. "आणू दे की," ती म्हणाली. "बैल बरा दिसतोय."

झालं. म्हंकू घाटात झोपडी बांधून राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो हरण्याला घेऊन रानात शिरला. माळावर जे जमलं ते इथे का नाही जमणार, असं त्याला वाटलं. पण हरण्यानं तोवर कारवीच्या झुडपांची दाटी बघितली नव्हती. दोनशे पावलं गेला आणि ऐनाच्या दोन झाडांमध्ये असा अडकला की पुढे जाईना की मागे येईना. मग तो हंबरला. त्याचं हंबरणं पलीकडच्या दरीत घुमून परत आलं आणि रानातली होती नव्हती ती सांबरं 'पोंक, पोंक' करत डोंगर चढून गेली. हरण्याला सोडवायला सात माणसं लागली. सातही जण महिनाभर त्याच गोष्टीवर हसत होते.

म्हंकूनं बैल कोंडाजीच्या गोठ्यात बांधला आणि एकटा जाऊ लागला. आता बाण दगा देऊ लागले. माळावर बाणाला आडवं यायला कोणी नसतं. इथे प्रत्येक बाण फांदीला लागायचा, वेलीत गुरफटायचा, नाहीतर खोडात रुतायचा. धुरपा रोज लाकडाला जायची. संध्याकाळी मोळी उतरवली की तीतले बाण वेगळे काढून ती म्हंकूच्या झोपडीपुढे ठेवायची. बोलायची नाही. नुसती हसायची.

उतारावर पाय ठेवावा तर दगड निसटायचा आणि खालच्या ओढ्यापर्यंत सगळ्यांना सांगत जायचा. धुक्याच्या सकाळी स्वतःचा हात दिसत नसे आणि दहा पावलांवर भेकर भुंकायचं, कुत्र्यासारखं, की माणूस आलाय, माणूस आलाय. सगळ्यात वाईट होता तो वारा. माळावरचा वारा एकदा वाहू लागला की दिवसभर एकाच अंगानं वाहतो. इथला वारा कधी पाठीत, कधी तोंडावर. म्हंकूचा वास रानात त्याच्या आधी पोचायचा.

पौष संपला. म्हंकूनं सांबराची शेपटीसुद्धा पाहिली नव्हती. एक दिवस तो गोठ्यात हरण्याला वैरण घालायला गेला तर आतून बोलणं ऐकू आलं. धुरपा हरण्याच्या कानाशी वाकून त्याला सांगत होती.

"काय रे हरण्या, तुझ्या धन्याला एवढंही कळू नये? सकाळी गार असतं तोवर वारा डोंगरावरून खाली उतरतो. ऊन तापलं की खालून वर चढायला लागतो. मग सकाळी खालून जावं आणि दुपारी वरून यावं, होय की नाही?"

हरण्यानं मान हलवली. म्हंकू कुडाबाहेर उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशीही ती बोलली. "हरण्या, पाचोळ्यात आधी टाच टेकली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. आधी बोटं सारावीत, पानं बाजूला करावीत, मग भार टाकावा. पण सांगणार कोणाला? मला तर बोलायची बंदी."

कोंडाजीनं एकदा हे पकडलं. "धुरपे, काय चाललंय?"

"बैलाशी बोलतेय, बाबा. बैलाशी बोलू नको असं कुठं म्हणालात?"

कोंडाजीनं दोरी वळायला घेतली आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्याच्या मिशा हलत होत्या, असं म्हणतात.

म्हंकू शिकत गेला. वारा कसा वळतो ते त्याला कानाच्या पाळीवर कळू लागलं. पाचोळ्यावरून तो असा चालू लागला की खाली बसलेला रानकोंबडा उठत नसे. माघात त्याला पहिल्यांदा सांबर दिसलं. वाळल्या पानांच्या रंगाचा भलामोठा नर, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं. तो मागावर निघाला. तीन डोंगर चढला, तीन उतरला. सांबर नेहमी एक डोंगर पुढेच.

होळीला चार दिवस उरले तेव्हा त्यानं हात टेकले. गोठ्यात जाऊन तो हरण्याच्या पायाशी बसला. कुडापलीकडून धुरपाचा आवाज आला. या वेळी त्यात हसू नव्हतं.

"हरण्या, वरच्या वाडीची माणसं परवा येऊन गेली. मला जायचं नाही तिकडं. सांग त्याला, सांबराच्या मागं धावू नको म्हणावं. अंजनीच्या पाणवठ्याखाली ते चिखलात लोळायला येतं आणि वरच्या झाडाला शिंगं घासतं. तिथं आधीच जाऊन उभा राहा म्हणावं. आणि हलू नको म्हणावं."

म्हंकू त्याच पावली निघाला. सांबरं लोळतात त्या डबक्यातला चिखल त्यानं अंगभर फासला. ऐनाच्या एका वठलेल्या खोडाला पाठ लावून, हातात धनुष्य धरून तो उभा राहिला आणि थांबला.

पहिल्या दिवशी मुंग्या त्याच्या पायावरून वर चढल्या आणि दुसऱ्या पायावरून उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी कोळ्यानं त्याच्या कोपरापासून धनुष्यापर्यंत जाळं विणलं. तिसऱ्या दिवशी खारीनं त्याच्या पागोट्याच्या घडीत दोन बिया दडवल्या. चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या, आणि त्या भेगा ऐनाच्या सालीसारख्या दिसू लागल्या. त्याच्या खांद्यावर पालवी फुटली होती, असंही म्हणतात. मी म्हणत नाही, पण म्हणणारे म्हणतात.

होळीच्या दिवशी सकाळी सांबर आलं. डबक्यात लोळलं, उठलं, अंग झाडलं, आणि सरळ म्हंकूकडे आलं. म्हंकूची बोटं बाणावर होती. पण बाण सोडायला अंतर लागतं, आणि सांबर तर छातीशी येऊन उभं राहिलं! त्यानं म्हंकूला निरखलं, वास घेतला, डोकं खाली केलं आणि आपली शिंगं त्याच्या बरगड्यांवर खसाखसा घासायला लागलं.

म्हंकूनं किती सोसावं? त्याला गुदगुल्या झाल्या. तीन दिवस गप्प उभा राहिलेला म्हंकू खदखदून हसला. हसताना धनुष्य सुटलं आणि तोल जाऊ नये म्हणून त्यानं हाताला लागलं ते धरलं. ते होतं सांबराचं शिंग.

झाड हसलेलं त्या सांबरानं जन्मात पाहिलं नव्हतं. ते उधळलं, म्हंकू त्याच्या मानेवर पालथा पडला आणि निघाली वरात. कारवीतून, ओढ्यातून, दोन कातळांवरून उडी मारून, उतारावरचे दगड गडगडवत सांबर धावत सुटलं. वारा पाठीत की तोंडावर, हे बघायला दोघांनाही सवड नव्हती. खाली गाव होळी रचत होतं. लाकडं टाकून माणसं बाजूला झाली. सांबर कुंपणावरून उडालं ते थेट कोंडाजीच्या अंगणात उतरलं.

फाल्गुनात सांबराची शिंगं मुळाशी सैल होतात. अंगणात त्यानं मानेला असा हिसका दिला की शिंग निखळून म्हंकूच्या हातात आलं आणि म्हंकू वैरणीच्या ढिगात पडला. एका शिंगाचं सांबर घटकाभर थांबलं, हरण्याकडे बघितलं, आणि परसातल्या केळी तुडवत रानात निघून गेलं.

कोंडाजीनं दोरी खाली ठेवली.

वरच्या वाडीचा एक पाहुणा म्हणाला, "गेलं की! शिकार कुठं झाली?"

तेव्हा धुरपा पुढे आली. "बाबा, सांबर अंगणात आण म्हणाला होतात. मारून आण असं कुठं म्हणालात?"

कोंडाजी म्हंकूजवळ गेला. त्याच्या अंगावरचा भेगाळलेला चिखल, कोपरावरचं जाळं, पागोट्यातल्या बिया त्यानं नीट बघितल्या. बरगड्यांवरचे शिंगाचे ओरखडे बोटानं चाचपले.

"मी चाळीस वर्षं या रानात फिरतोय," तो हळूच म्हणाला. "माझ्याजवळ कधी सांबर असं आलं नाही." आणि मग तो इतका मोठ्यानं हसला की होळीच्या ढिगावरचा कावळा उडाला. "धुरपे, आता बैलाला सोड. म्हंकूशीच बोल!"

त्याच पाडव्याला लग्न झालं. पुढे म्हंकूनं पावसाळ्यात कधी चूल विझू दिली नाही. उन्हाळ्यात तो माळावर जायचा आणि पावसाआधी घाटात परतायचा, आणि दोन्हीकडची माणसं त्याला आपलाच म्हणायची. एकाच दिवशी सकाळी माळावर आणि दुपारी घाटात त्याला पाहिलेली माणसं होती, असं म्हणतात. तो गेला तेव्हा त्याला कोणी पाहिलं नाही. रानात गेला आणि कुठल्यातरी झाडाशेजारी उभा राहिला, एवढंच म्हणतात.

आता शिकार बंद झाली, ते बरंच झालं. पण जांभळकोंडात धुळवडीला अजून 'म्हंकूचं झाड' खेळतात. ज्याला हौस असेल त्यानं अंगाला चिखल फासून चावडीपुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याला हसवायचं. हात लावायचा नाही, बाकी सगळं चालतं. सोंगं करतात, व्याह्यांच्या नकला करतात, जावयाची जुनी फजिती सांगतात. जो शेवटपर्यंत हलत नाही, हसत नाही, त्याला पहिली पुरणपोळी, आणि मग त्याला खांद्यावर घेऊन गाव प्रत्येक अंगणात नाचवून आणतं.

गेल्या साली सत्तरी ओलांडलेल्या शेवंताकाकू उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर उभी राहिलेली तरणी माणसं एकेक करून हसून बाद झाली, काकू तशाच. तेवढ्यात कुठून तरी एक बुलबुल आला आणि त्यांच्या डोक्यावर बसला. ढोल थांबला. नकला करणारे थांबले. अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिलं, कोणी बोटसुद्धा हलवेना. बुलबुलानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चोच घासली आणि उडाला.

सगळ्यांत आधी हसल्या त्या शेवंताकाकूच. आणि पोळी तरीही त्यांनाच मिळाली.