चौकटीबाहेरचा पाय

खूप जुन्या काळी, गावातले म्हातारे सांगतात त्याच्याही आधी, डोंगरापलीकडच्या एका गावात लहान मुलांची शाळा होती.

शाळेत एक लांबरुंद चटई होती. तिच्यावर तांबड्या काड्यांनी चौकटी विणलेल्या. एका मुलाला एक चौकट. तीत मांडी घालून बसायचं. गुरुजी अक्षर एकदाच सांगत. अंग चौकटीबाहेर गेलं, की त्या दिवशी अक्षर नाही. का? तर पूर्वीपासून तसंच आहे. गावातल्या मोठ्यांकडे यापेक्षा बरं उत्तर कधीच नव्हतं.

सगुणा सहा वर्षांची. तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, तो शेजारच्या चौकटीत जाई. वर्षभरात तिला चारच अक्षरं मिळाली, तीही गुरुजींचं लक्ष नव्हतं म्हणून. तिच्या मागे भिवा बसे. त्याला एकदा ऐकून काही कळत नसे, तीनदा सांगावं लागे. त्याचं नाव गुरुजींनी ‘ठोंब्या’ पाडलं होतं.

वर्ष सरताना गावचे पंच पाहणीला आले. जे मूल चौकटीत मावत नाही, त्याचं नाव कायमचं काढायचा रिवाज होता.

थोरल्या पंचांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांना उंच पाट दिला. ते पाय पसरून बसले. दुसऱ्या पंचांच्या पाठीला लोड लावला. तिसऱ्यांना ऐकू कमी येई, म्हणून गुरुजींनी त्यांच्या कानाशी एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगितली.

“ए पोरी, पाय आत घे,” थोरले पंच म्हणाले.

“वाकत नाही, आजोबा.”

“मग घरी बस. एकटीसाठी चटई बदलायची का आम्ही?”

“तुमचे पायसुद्धा बाहेरच आहेत की.”

“अगं, माझं वय झालंय!”

“माझंही झालंय. शिकायचं.”

भिवा ताडकन उठला. “आणि त्या आजोबांना तीनदा सांगितलं, मग मला एकदाच का?”

“गप बस, ठोंब्या!” गुरुजी गरजले.

“मग त्यांनापण म्हणा ना ठोंब्या.”

पोरं फिदीफिदी हसली. पंच लालबुंद झाले. त्यांनी दोघांचीही नावं काढली.

तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलीने आपला धडधाकट पाय चौकटीबाहेर टाकला. “माझंपण काढा.” मग दुसरा पाय, तिसरा, दहावा. चटईवर एकही मांडी उरली नाही.

“काढा सगळ्यांची!” पंच ओरडले. माघार घ्यायची अक्कल त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पोरं उघड्या माळावर बसू लागली. कोणी पाय पसरून, कोणी पालथं पडून. ज्याला अक्षर येई, तो न येणाऱ्याच्या पाठीवर बोटाने काढून दाखवी, समजेपर्यंत. भिवाला कळलं. सगुणाला पाचवं अक्षर मिळालं, मग सहावं.

नवव्या दिवशी गुरुजी मान खाली घालून माळावर आले. “मला जागा आहे का गं?”

“आहे,” सगुणा म्हणाली. “जमेल तसं बसा.”

पंच मात्र आले नाहीत. ते मरेपर्यंत दरवर्षी रिकाम्या चटईची पाहणी करत राहिले.

बोध एवढाच: शाळेने लेकराच्या मापाचं व्हावं, आणि ज्या मोठ्यांना ते जमत नाही त्यांचीच नावं आधी काढावीत.