सात अंडी आणि नवं ब्लेड

“बाबा, पिल्लानं आतनं चोच मारून चौदा तास झाले. अजून किती वाट बघायची?”

हुसेनशाबाबा नुकते दारात येऊन उभे राहिले होते. फकिराची गुरुवारची फेरी. हातात धुपाटणं, खांद्याला झोळी, पाय सुजून टम्म. त्यांनी अजून दुआसुद्धा दिली नव्हती.

“आधी टेकू तर दे, मास्तर.”

मुकुंद लोहार बाजूला सरला. आयटीआयात वीस वर्षं वायरिंग शिकवलेला माणूस. बंद पंखा याच्या हाताखालून गेला की फिरणारच, असा गावात लौकिक. त्या लौकिकाची त्याला थोडी घमेंडही होती. पण आज डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती आणि सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

मधल्या खोलीत टेबलावर अंडी उबवायची पेटी होती. थर्माकोलची, झाकणाला काच. आत चाळीसचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, वाटीत पाणी. सगळी त्याच्याच हातची करामत. आत सात अंडी. एकाला मसुराएवढं भोक पडलेलं.

पेटीशेजारी स्वच्छ फडक्यावर चिमटा, ओला कापूस आणि ब्लेड मांडून ठेवलं होतं.

बाबा स्टुलावर बसले. ब्लेडकडे बघितलं.

“हे कशाला?”

“मदतीला. पिल्लू दमलंय, बाबा. मघापर्यंत चिवचिवत होतं. आता आवाजच नाही.”



या सात अंड्यांची कथा बाबांना ठाऊक होती. अख्ख्या आळीला होती. कोंबड्या विमलच्या, मुकुंदच्या बायकोच्या. माहेराहून टोपलीत घालून आणलेल्या, पायांवर पिसं असलेल्या. दोन वर्षांपूर्वी विमल गेली, कोंबड्या मागं राहिल्या. या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि खुराडं धुऊन नेलं. उरली एक कोंबडी आणि एक कोंबडा. कोंबडी अंडी घाली, पण खुडूक होऊन त्यांच्यावर बसेना. म्हणून याने पेटी केली. पहिली खेप वाया गेली. मग ती कोंबडीही मुंगसाने नेली.

ही सात तिची शेवटची. यातून निघाली तर विमलच्या कोंबड्या राहिल्या, नाहीतर संपल्या.

“मागच्या खेपेला काय झालं होतं?” बाबांनी विचारलं.

“दहा अंड्यांना चोच लागली होती.”

“मग?”

“मदत केली.”

“मग?”

मुकुंदने मान खाली घातली. “दहाही गेली. आतल्या पडद्यात रक्त होतं, ते वाहिलं.”

“हं.”

“त्या वेळी ब्लेड बोथट होतं, बाबा. आता नवं आणलंय.”

आता काय म्हणावं या माणसाला! दुधाने तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो. हा पुन्हा उकळतं दूधच ओठाला लावायला निघाला होता, आणि वर सांगत होता की पेला नवा आहे.

बाबा हसले नाहीत. त्यांना हसण्याचं त्राण नव्हतं.

“तकियावर, माझ्या खोपटात, कोंबडी अंड्यांवर बसते,” ते म्हणाले. “विसाव्या दिवशी ती काय करते?”

“बसते.”

“एकविसाव्या दिवशी?”

“…बसते.”

“आतनं आवाज आला तर?”

“बसूनच राहते. पण तिचं काय, बाबा? तिला कुठं चिमटा धरता येतो?”

“खरंय,” बाबा म्हणाले. “बिचारीला हात नाहीत.”

मुकुंदचे डोळे काचेवर आणि उजवा हात झाकणाच्या कडेवर. अठरा दिवस त्या हाताने दर चार तासांनी अंडी फिरवली होती. गेले तीन दिवस त्याला काम नव्हतं, म्हणून तो सारखा झाकणाकडे जात होता.

“हातावर हात ठेवून बसायचं आमच्या घराण्यात नाही,” तो शेवटी म्हणाला. “आत जीव गुदमरतोय आणि मी बघत बसू?”

त्याने ब्लेड उचललं. झाकणाची कड बोटभर वर झाली.

“हात दे,” बाबा म्हणाले.

“काय?”

“हात दे तुझे. दोन्ही.”

एवढा म्हातारा माणूस मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मुकुंदने झाकण सोडलं, ब्लेड ठेवलं आणि हात पुढं केले. बाबांनी ते आपल्या हातांत घेतले, मांडीवर ठेवले, भिंतीला डोकं टेकलं… आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

घ्या!

मुकुंदने हळूच हात ओढून बघितला. बाबांची पकड सैल होईना. जोर लावला असता तर सुटला असता, पण सहा गल्ल्या तुडवून आलेल्या, सुजल्या पायांच्या माणसाला उठवायचं कसं? त्याने पायानेच दुसरं स्टूल ओढलं आणि बसला.

पेटीत काही आवाज नाही. पंख्याची घरघर तेवढी.

किती वर्षांनी तो असा नुसता बसला होता, कोण जाणे. आणि बसल्यावर जे आठवू नये तेच आठवलं. शेवटच्या आठवड्यात विमल अंथरुणाला खिळली होती. तो सारखा उठत होता. उशाशी घंटीचं बटण बसव, पंखा सरकव, पलंगाला चाकं लाव. ती म्हणाली होती, “अहो, नुसते बसा की जरा माझ्यापाशी.” तो म्हणाला होता, “एवढा स्विच बसवतो, आलोच.”

स्विच छान बसला होता. अजून चालतो.

मुकुंदच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसंच हनुवटीपर्यंत गेलं. अंगातला एकवीस दिवसांचा थकवा वर आला, आणि बसल्या जागीच त्याची मान बाबांच्या खांद्यावर कलली.

दुपार कलून उन्हं उंबरा ओलांडून आत आली होती, तेव्हा तो दचकून जागा झाला.

पेटीतून चिवचिवाट येत होता. रडका, चिडका, भुकेला, पण दणदणीत. काचेखाली टरफलाचे दोन तुकडे पडले होते. मध्ये ओलंगिच्च पिल्लू, मान टाकून धापा टाकणारं, पायांवर बारीक पिसं चिकटलेली. आणखी दोन अंड्यांना मसुराएवढी भोकं पडली होती.

“बाबा! बाबा, उठा! निघालं!” मुकुंद लहान पोरासारखा ओरडला. “तुम्ही काय केलंत हो?”

“मी कुठं काय केलं? डुलकी काढली.”

“हे बघा, पायांवर पिसं आहेत! विमलचीच जात… अरेरे, किती ओलं आहे हे. गारठेल. बाहेर घेतो, पुसून कोरडं करतो जरा…”

हात सोडवून तो उठलाच. झाकणाच्या कडेला बोटं लागली.

बाबांनी एक लांब जांभई दिली, सुजलेले पाय पुन्हा पसरले आणि दोन्ही तळवे पुढं केले.

“हात दे, मास्तर.”