सातवं मशीन

“मग खोट कशात आहे? तुझ्या पेनड्राइव्हमध्ये, की या मशीनमध्ये?”

भंतेजींनी विचारलं, तेव्हा उत्कर्षनं मान वर केली नाही.

“तेच शोधतोय.”

“तीन रविवार झाले. आज चौथा.”

“काही बिघाड वेळ खातात, भंतेजी.”

भंतेजी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर वैनगंगेचं पात्र उन्हानं पांढरं पडलं होतं...

पवनीच्या एसटी स्टँडवरून नदीकाठानं वीस मिनिटं चाललं की हा विहार लागतो. पत्र्याचं छप्पर, एक बोधिवृक्ष, आणि मागच्या अंगाला लांबट खोलीत अभ्यासिका. तिथं भंते खेमवंश एकटेच राहत. भिक्खूचं चीवर घेण्याआधी सव्वीस वर्षं ते लाइनमन होते. खांबावर चढायचे, तुटलेल्या तारा जोडायचे. त्या कामाच्या खुणा त्यांच्या तळहातांवर अजून होत्या.

कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयातले सात जुने कॉम्प्युटर कोणीतरी विहाराला दान दिले होते. नव्या सिस्टीमचं ओझं त्यांना झेपत नव्हतं. त्यांच्यात लिनक्स टाकायचं, म्हणजे गावातल्या बायकांना आणि मुलींना टायपिंग शिकता येईल, असं ठरलं. लिनक्स ही सिस्टीम हलकी, फुकट, आणि जुन्या मशीनवरही चालणारी. पेनड्राइव्हवर ती लिहून आणायची, पेनड्राइव्ह मशीनला लावायचा, की मशीन त्याच्यावरून उठतं, म्हणजे चालू होतं.

ते काम करायला नागपूरहून उत्कर्ष रंगारी आला.

उत्कर्ष एक्केचाळीस वर्षांचा. परदेशातल्या कंपनीचे सर्व्हर तो घरी बसून सांभाळायचा. इंटरनेटवरच्या एका मंचावर जगभरचे लोक आपल्या अडचणी मांडत, ‘पेनड्राइव्ह बनवला, पण मशीन त्याच्यावरून उठत नाही.’ उत्कर्ष उत्तर द्यायचा. दोन ओळींत. पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असायची. ‘आधी नीट वाचा, मग विचारा.’

पहिल्याच दिवशी तो भंतेजींना म्हणाला होता, “सात मशीन ना? दुपारपर्यंत होतील.”

झाली नाहीत.

पहिल्या रविवारी एकही मशीन उठलं नाही. प्रत्येक पडदा अर्ध्यावर येऊन थिजायचा. उत्कर्षनं पेनड्राइव्हला शिव्या दिल्या, मशीनना दिल्या, पंख्याखालच्या धुळीलाही दिल्या. संध्याकाळी एसटीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. इंटरनेटवरून उतरवलेली मूळ फाइलच अर्धवट आली होती. फाइल धड आली की नाही, हे पाहायला एक लांबलचक आकडा जुळवून बघायचा असतो. लोकांना तो हे ओरडून सांगायचा. स्वतः मात्र त्यानं बघितलं नव्हतं.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी नव्हतंही.

दुसऱ्या रविवारी तो नवी फाइल घेऊन आला. आकडा दोनदा जुळवून. पाच मशीन धडाधड उठली. सहावं अडलं. पेनड्राइव्ह लावला की दिवा लागायचा आणि विझायचा.

“मागच्या बाजूला लावून बघ,” दारातून भंतेजी म्हणाले होते. “पुढच्या भोकापर्यंत आतून लांब वायर आलेली असते. ती सैल असेल.”

उत्कर्षला ते आवडलं नाही. तरी लावला. मशीन उठलं.

राहिलं सातवं.

सातवं सगळ्यांत म्हातारं. त्याचा लाल पेनड्राइव्ह कुठल्याही भोकात लावा, काळ्या पडद्यावर तेच पांढरं वाक्य यायचं... बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

त्याच दुपारी साडेतीनच्या सुमारास उत्कर्षला उलगडलं. हे मशीन जुन्या वळणाचं होतं. पेनड्राइव्ह लिहिला होता नव्या पद्धतीनं, आणि मशीनला ती पद्धत ठाऊकच नव्हती. त्यानं दुसरा, काळा पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपवर जुन्या पद्धतीनं लिहून घेतला, लावला, आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. मशीन उठलं.

उत्कर्षनं मागं वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं.

पाच वाजता एसटी. आठला नागपूर. मग मानेवाडा रोडवरचा फ्लॅट, तिसरा मजला. मग सोमवार. सोमवार ते शनिवार तो मीटिंगमध्ये बोलायचा, कॅमेरा बंद ठेवून. बाकी त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू यायचा नाही. दिवाळीत आई गेली, तेव्हापासून दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जायचा. बेल वाजवायचा नाही.

आणि इथलं काम तर संपलं होतं...

त्यानं हात पुढे केला आणि मशीन बंद केलं. काळा पेनड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकला.

भंतेजी आत आले तेव्हा तो म्हणाला, “सातवं काही ऐकत नाहीये. पुढच्या रविवारी बघतो.”

असं का केलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण पुढचा रविवार आला. उत्कर्ष आला, लाल पेनड्राइव्ह लावत राहिला, पांढरं वाक्य बघत राहिला. मधेच भंतेजी येऊन शेजारी बसायचे. खांबावरच्या गोष्टी सांगायचे. पुरात वाकलेल्या तारा, तारेवर बसलेलं घुबड. उत्कर्ष स्क्रू पिळत ऐकायचा. किती महिन्यांनी कोणीतरी त्याच्याशी बोलत होतं.

आणि आज चौथा रविवार.

चारच्या पुढे बायका आणि मुली आल्या. सहा मशीन, सहा खुर्च्या. सातवी शेवंता रामटेके. ती पलीकडच्या टोलीवरच्या वस्तीतली आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका. दिवसभर घरोघर फिरून बाळंतिणींची चौकशी करायची, मग चालत इथं यायची. म्हणून तिला नेहमी उशीर व्हायचा आणि खुर्ची मिळायची नाही. ती दुसरीच्या मागं उभी राहून बघायची.

ती सातव्या मशीनपाशी आली.

“झालं का जी सर, माझं?”

“नाही अजून.”

“राहू द्या मग. तुम्ही तरी किती खटपट करता जी. रविवारचंही घरी नाही राहत.”

उत्कर्ष पडद्याकडे बघत राहिला.

“टायपिंगची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे माझी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “तोवर होईल म्हणते मी. घरी करते मी सराव.”

“घरी मशीन आहे?”

ती हसली. पिशवीतून तिनं एक पुठ्ठा काढला. साडीच्या खोक्याचं झाकण असावं. त्यावर निळ्या पेननं चौकोन काढले होते, चौकोनांत अक्षरं. मधली काही अक्षरं बोटांनी घासून घासून पुसट झाली होती, ती तिनं पुन्हा गिरवली होती.

“पोरं झोपली की करते. बोटं बसली माझी जवळजवळ. नाही का?”

तिनं पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून बोटं चालवून दाखवली.

उत्कर्षनं पुठ्ठ्यावरून नजर काढली. तो लाल पेनड्राइव्ह काढायचा, लावायचा. काढायचा, लावायचा.

“सर, पाणी आणू का जी?”

“नको.”

पुठ्ठा तसाच ठेवून ती मागच्या मुलीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

भंतेजींनी हे सगळं दारातून पाहिलं. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत भिक्षापात्र होतं. धुऊन पालथं घातलेलं, अजून ओलसर.

ते उत्कर्षसमोर येऊन उभे राहिले.

रोज सकाळी ते गावात असेच उभे राहायचे. दारासमोर, नजर खाली, पात्र पोटाशी धरून. मागायचे नाहीत. कोणी काही घातलं तर घ्यायचे, नाही घातलं तर पुढच्या दारी जायचे.

“भंतेजी?” उत्कर्ष गोंधळला. “आत्ता? दुपार उलटली. तुम्ही आता काही खात नाही ना?”

भंतेजी गप्प.

“माझ्याकडे काही नाहीये. बिस्किटं सकाळीच संपली.”

भंतेजींची नजर खालीच.

सहा जणींच्या बोटांखाली सहा मशीन टकटकत होती. एकेक करून ती टकटक थांबली. कोणीतरी खुर्ची मागे सरकवली...

“काय देऊ?” उत्कर्ष हळू म्हणाला.



पात्र त्याच्या छातीच्या उंचीवर होतं. तिथंच राहिलं. ते पुढेही येईना, मागेही जाईना.

उत्कर्षला वाटलं, आता हे पुढच्या दारी जातील. जावेत. पण या खोलीत पुढचं दार नव्हतं.

त्याचा हात वर गेला. खिशाशी थांबला. मग आत गेला.

काळा पेनड्राइव्ह पात्रात पडला. इवलासा आवाज झाला.

भंतेजींनी मान लववली. अन्न मिळाल्यावर लववायचे तशीच. मग ते वळले आणि पात्र त्यांनी शेवंतासमोर धरलं.

“घ्या बाई. हा त्या मशीनला लावा.”

“मी? मला कुठं येतं जी?”

“लावा. मागच्या बाजूला.”

तिनं लावला. बटण दाबलं. काळा पडदा, थोडा वेळ नुसता काळा... आणि मग उजेड.

त्यानंतर लिनक्स मशीनच्या आत बसवायला पाऊण तास लागला. उत्कर्ष सांगत गेला, शेवंता बटणं दाबत गेली.  शेवटी पांढरं कोरं पान उघडलं, तेव्हा तिनं डोळे मिटून बोटं टेकली आणि सुरू झाली. चार ओळी झाल्यावर थांबली.

“पुठ्ठ्यावर आवाज येत नव्हता जी,” ती म्हणाली. खूश होती.

तेव्हा उत्कर्षला राहवलं नाही.

“शेवंताबाई, हे मशीन दोन आठवड्यांपूर्वीच उठलं होतं. मी... सांगितलं नाही.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. समजायला तिला वेळ लागला.

“काहून?”

उत्कर्ष टेबलावरचा पुठ्ठा उगाच सरळ करत राहिला. 

तिनं पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं.

“दोन रविवार गेले माझे,” ती म्हणाली, आणि टाइप करू लागली. त्यानंतर तिनं वर पाहिलं नाही.

पाचची एसटी केव्हाच चुकली होती. शेवटची साडेसहाला होती. उत्कर्षनं वायरी गुंडाळल्या, लॅपटॉप पिशवीत टाकला. भंतेजी त्याला पोचवायला फाटकापर्यंत आले. मोकळ्या आवारात दोघांच्या लांब सावल्या पडल्या होत्या.

“तुम्हाला केव्हा कळलं?” उत्कर्षनं विचारलं.

“त्याच दिवशी. मी खिडकीबाहेर झाडांना पाणी घालत होतो. पडद्याचा उजेड तुझ्या चष्म्यात दिसला.”

“मग बोलला का नाहीत?”

“सव्वीस वर्षं तारांवर काम केलं. तारेत करंट असला की मी हात लावत नसे. खाली थांबायचो.”

“आणि तिचे दोन रविवार?”



“ते माझ्याही अंगावर आहेत,” भंतेजी म्हणाले. “आज पुठ्ठा पाहिला तेव्हा कळलं, मी फार थांबलो.”

फाटक आलं. उत्कर्ष थांबला. पुलावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ नदीवर रेंगाळला...

“आईच्या खोलीतला पंखा मी बंद करत नाही,” तो एकदम म्हणाला. “रविवारी इकडे येतानासुद्धा. परत आल्यावर दार उघडलं की काहीतरी हलत असतं.”

हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याला ते फार वेडगळ वाटलं. भंतेजी हसतील, की समजूत काढतील, म्हणून तो वाट बघत राहिला.

भंतेजी हसले नाहीत. त्यांनी समजूतही काढली नाही. कोयंडा काढून त्यांनी फाटक उघडं धरलं.

उत्कर्ष बाहेर पडला. चार पावलं गेला आणि वळला.

“भंतेजी, सातही झाली. आता इथं माझं काही काम नाही.”

“नाही.”

“मग पुढच्या रविवारी मी कशाला येऊ?”

भंतेजींनी फाटक लावलं नाही.

“तेच विचारायला ये.”