दिलेला हेडफोन

“भन्ते, दिलेली वस्तू परत मागितली तर चालते का?”

भन्ते विनयशेखर धुतलेलं चीवर पिळत होते. त्यांनी एक टोक विशाखच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि उलट्या दिशेनं पीळ भरला. दगडावर पाण्याची धार लागली.

“चालते,” ते म्हणाले.

विशाख रामटेके गोंधळला. भन्ते ‘नाही’ म्हणतील हे तो धरूनच चालला होता. नागपूरपासून विहाराच्या टेकडीपर्यंत मोटरसायकल चालवताना त्यानं त्या ‘नाही’वरची उत्तरं मनात घोळवली होती. आता ती सगळी वाया गेली.

“म्हणजे... पाप नाही लागत?”

“आधी मागून तर पाहा. लागलं तर कळेलच.”

भन्त्यांनी चीवर झटकलं आणि दोरीवर टाकलं. सकाळचं ऊन सागाच्या पानांतून खाली येत होतं. टेकडीच्या पायथ्याशी मोटरसायकलला टेकून एक पोरगेला तरुण उभा होता. त्याच्या गळ्यात एक जुना काळा हेडफोन लटकत होता.

विशाखनं तिकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

“काय वस्तू आहे?”

“हेडफोन, भन्ते.”

“कोणाला दिला?”

“खाली उभा आहे न, त्याला. अनोम खोब्रागडे. आमच्याच गल्लीतला.”

भन्ते पायरीवर बसले. विशाख उभाच राहिला. बोलायचं ठरवून आलेल्या माणसाला बसवत नाही.

विशाख कॉम्प्युटरवरचे सामने खेळणाऱ्या पाच जणांच्या टीमचा कप्तान होता. खेळ नेमबाजीचा. समोरचे पाच जण भिंतीआडून, जिन्यावरून, कुठूनही येतात. ते दिसतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून त्यांची पावलं आधी ऐकावी लागतात. विशाखला ती इतरांच्या आधी ऐकू यायची. “डावीकडे एक,” तो माइकमध्ये म्हणायचा, आणि चौघं वळायचे. टीममध्ये त्याला ‘कान’ म्हणत.

हेडफोन घ्यायचा असला की ओळखीतला जो तो त्यालाच विचारायचा. खेळायला घेतोस तर धमधमाटाच्या नादी लागू नको, त्यात पावलं बुडतात. गाण्यासाठी घेतोस तर दुकानात पाच मिनिटं घालून बघ, कान तापतात का ते पाहा. माइक तोंडापाशी येतो का, मान हलवली तर घसरतो का... हे सगळं तो मन लावून सांगायचा. स्वतःसाठी घेताना मात्र तो एकच गोष्ट करायचा. त्याच्या आईच्या भीमगीतांच्या मंडळाचं एक रेकॉर्डिंग होतं. डाव्या कानात ढोलकी, उजव्यात पेटी, आणि मधोमध आई. ज्या हेडफोनमध्ये आई नीट मधोमध उभी राहील, तो चांगला.

मग त्यानं मोठा, महागाचा हेडफोन घेतला आणि जुना अनोमला देऊन टाकला. अनोम तेव्हा टीममध्ये नवा होता. मोबाइलच्या तारेवाल्या इअरफोनवर खेळायचा. “घे, तुझ्या कामी येईल,” विशाख म्हणाला होता, आणि देताना त्याला फार बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

काही महिन्यांत अनोम बोलायला लागला. तेही कसं, तर विशाखच्या अर्धा क्षण आधी. विशाखला पाऊल ऐकू यायचं, ‘डावीकडे’ हा शब्द त्याच्या ओठांवर यायचा, आणि नेमका तोच शब्द अनोमच्या तोंडून बाहेर पडायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. बाकीच्यांच्या माना आता अनोमच्या आवाजावर वळू लागल्या. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली की ती थाप विशाखच्या पोटात बसायची.

त्यानं नवा हेडफोन विकून आणखी भारी घेतला. आवाज स्वच्छ करणारी एक डबी आणून कॉम्प्युटरला जोडली. कानावरची मखमली गादी काढून चामड्याची बसवली. आई मधोमध उभी राहायची, ढोलकीवर बोट फिरलं तरी कळायचं... आणि सामन्यात अनोम त्याच्या आधी बोलायचा.

संपलेल्या सामन्यांच्या चित्रफिती तो घरी बसून बघायचा. पूर्वी चुका शोधायला बघायचा. आता फक्त अनोमला बघायचा.

परवा टीम चालवणाऱ्या शेखसरांनी सांगितलं, “फायनलला अनोम बोलेल. विशाख, तू डावी बाजू सांभाळ.” फायनल आज दुपारी होती. विशाखनं सरांसमोर मान डोलावली होती. हे सगळं त्यानं भन्त्यांना सांगून टाकलं.

“अन् तुला वाटते, हेडफोनमुळे झालं,” भन्ते म्हणाले.

“दुसरं काय असणार? चार वर्षं मी तो घातला, भन्ते. माझा कान बसलाय त्यात. तो पोरगा माझ्या कानानं ऐकून राहिला.”

“तुझ्या कानानं.”

“हो!”

“मग माग.”

“मागतो न. म्हणूनच त्याला सोबत आणलं. म्हटलं, तुमच्यासमोर...”

“माझ्यासमोर काऊन?”

खरं कारण विशाखला ठाऊक होतं. भन्त्यांसमोर मागितलं तर अनोमला नाही म्हणता आलं नसतं. शिवाय ते मागणं थोडं धर्माचं वाटलं असतं.

भन्ते उठून टेकडीच्या कडेशी गेले आणि त्यांनी खाली हात केला. अनोम पायऱ्या चढून धावतच वर आला. चपला काढल्या, पंचांग टेकवून वंदन केलं, उठला. धाप लागली होती, तरी हसत होता. ते हसणंही विशाखला सोसेना.

“हा म्हणतो, याला तुझ्याशी काम आहे,” भन्ते अनोमला म्हणाले, आणि पुन्हा पायरीवर बसले.

अनोमनं विशाखकडे पाहिलं. “बोला न, भाऊ.”

...

विशाखनं तोंड उघडलं. रस्ताभर किती सोपं वाटत होतं.

“तो हेडफोन...” तो म्हणाला. “जरा बघू दे. कुशन कसं आहे ते.”

अनोमनं लगेच गळ्यातला हेडफोन काढून दोन्ही हातांनी पुढे केला. फाटलेल्या कुशनला त्यानं सुईदोऱ्यानं शिवलं होतं. टाके बारीक आणि सारखे होते. दांडीवर विशाखनं कधीकाळी पेननं कोरलेलं ‘वि’ तसंच होतं. अनोमनं ते खोडलं नव्हतं.

“घाल,” भन्ते म्हणाले.

विशाखनं तो कानांवर बसवला. तार मोबाइलला लावली आणि ठरलेलं रेकॉर्डिंग सुरू केलं. आता कळेल, त्याला वाटलं. आता कळेल यात काय आहे.

पेटी वाजली. उजव्या कानात.

ढोलकी वाजलीच नाही.

त्यानं तार हलवून पाहिली. आवाज वाढवला. आई गायला लागली, पण ती मधोमध नव्हती, उजव्या खांद्याशी सरकून उभी होती. डावीकडे काहीच नव्हतं. भिंतीला कान लावल्यासारखं.

त्यानं हेडफोन खाली ओढला.

“डावी बाजू बंद आहे!”

“हो, भाऊ.”

“कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून.”

“अन् सांगितलं नाही?”

अनोम पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. “तुम्ही दिला होता न. तुम्हाला वाटलं असतं, एवढी चांगली वस्तू दिली अन् यानं बिघडवली. दुरुस्तीला टाकला असता तर तेवढे दिवस बाहेर बसावं लागलं असतं... म्हटलं चालवून घेऊ.”

“थांब.” विशाखचा आवाज चढला. “डावीकडून आलेला माणूस तू रोज माझ्या आधी सांगतो. रोज! डावा कान बंद आहे तर ऐकू कुठून येते तुला?”

अनोमनं भन्त्यांकडे पाहिलं. भन्ते दोरीवरच्या चीवराकडे पाहत होते.

“तुमच्याकडून, भाऊ.”

“काय?”

“तुमच्या माइकमधून. उजवीकडचं मलाच ऐकू येते. पण डावीकडे कोणी आलं न, की तुमचा श्वास अटकते. बोलायच्या आधी. इवलुसा... असा.” अनोमनं स्वतःचा श्वास रोखून दाखवला. “तो अटकला की मी सांगून टाकतो. बाकीचे लवकर वळतात मग. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम मला बोलू देता.”

...

खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज वळणाआड गेला.

विशाखला आधी वाटलं, आपण जिंकलो. आपलाच कान होता. शेखसरांना सांगावं, सगळ्यांना सांगावं. ते वाटणं छातीत पुरतं भरायच्या आत त्याला अनोमचे ते टाके दिसले, न खोडलेलं ‘वि’ दिसलं. आपण हे मागायला आलो होतो.

“तुला काही मागायचं होतं याच्याकडे,” भन्ते म्हणाले.

विशाखनं पाठीवरची बॅग खांद्यावरून उतरवली, चेन उघडली. आत कापडी पिशवीत नवा हेडफोन होता. मऊ, जड, दोन्ही बाजूंनी सारखा वाजणारा. त्यानं तो बाहेर काढला आणि हातात धरून उभा राहिला.

बराच वेळ धरून उभा राहिला.

द्यायचा तर आहे. पण दिला तर? याला दोन्ही कान मिळतील. डावीकडचं पाऊल हा स्वतः ऐकेल. मग माझा श्वास अटकला काय नि सुटला काय, याला काय फरक पडणार? आतापर्यंत याचं यश निदान माझ्या छातीतून जात होतं. आजपासून तेही जाणार नाही... विशाखची बोटं दांडीवर घट्ट झाली.

भन्ते पायरीवर तसेच बसून होते.

“घे,” विशाख शेवटी म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “फायनलला हा घाल.”

“अन् तुम्ही, भाऊ?”

“हा जुना आहे न.”

“पण त्याची डावी बाजू...”

“घे म्हटलं तर घे ना!”

अनोमनं घेतला. कानांवर ठेवला, दोन्ही बाजू हातांनी दाबल्या, आणि विशाखनं मोबाइलवर अजून वाजत असलेलं गाणं त्याला लावून दिलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. डावा हात आपोआप ढोलकीच्या ठेक्यावर हलायला लागला. कितीतरी दिवसांनी त्याला डावीकडचं ऐकू येत होतं. विशाखनं ते पाहिलं. पाहवत नव्हतं, तरी पाहिलं.

गाणं संपलं. अनोमनं पुन्हा वंदन केलं. “मी गाडी वळवून ठेवतो, भाऊ,” म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला. नवा हेडफोन त्यानं छातीशी धरला होता.

विशाख वरच थांबला.

“दिला,” तो म्हणाला.

“पाहिलं.”

“बरं वाटायला पाहिजे होतं.”

“वाटलं नाही?”

विशाखनं मान हलवली. मग तो एकदम खाली बसला, भन्त्यांच्या पायरीच्या खालच्या पायरीवर.

“जळतेच आहे, भन्ते. सकाळी जळत होतं की हा माझ्यापेक्षा चांगलं ऐकतो. मग कळलं, हा मलाच ऐकत होता. आता जळते की आजपासून ऐकणार नाही.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “हे सरतच नाही. एकीकडून विझवलं की दुसरीकडून पेटते.”

भन्ते उठले. चीवराचा खालचा काठ वाऱ्यानं गुंडाळला गेला होता. तो त्यांनी सावकाश सरळ केला.

“एवढ्या जवळून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं,” विशाख म्हणाला. “आईनंसुद्धा नाही. अन् मला माहीतच नव्हतं. आता त्याच्या दोन्ही कानांत सगळं येईल. माझा श्वास कोण ऐकेल, भन्ते?”

...

खाली मोटरसायकल सुरू झाली.

भन्ते त्याच्याकडे वळले.

“तो ऐकत होता, म्हणून श्वास घेत होतास का?”