लाल मोटारीचं मोल

त्या दिवशी चैत्रातलं वारं सुटलं होतं. राजवाड्यासमोरच्या पटांगणातली धूळ उचलून माणसांच्या तोंडात घालत होतं. सोनदरी संस्थानचे कारभारी आबाजीपंत एका हाताने पगडी धरून आणि दुसऱ्या हाताने काठी आपटत लाल मोटारीभोवती फिरत होते. मोटारीतलं त्यांना कळायचं एवढंच, की ती लाल आहे.

“सरकार, हिचं इंजिन मूळचं नाही!” कारभारी ओरडले. “पेटी जुनी, आतला जीव बाहेरून आणलेला! अशा मोटारीला पुरी किंमत कोण देतो?”

मोटारीला टेकून उभा असलेला नाथा लोहार एकदम सरळ झाला. ही शर्यतीची मोटार थोरल्या सरकारांची. घाटात तिचं इंजिन फुटलं, तेव्हापासून ती घोड्यांच्या पागेत पडून होती, आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. “ने बाबा हे भंगार,” असं म्हणून थोरल्या सरकारांनी देवाघरी जाण्याआधी ती नाथालाच देऊन टाकली. नाथाने लेकीच्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या आणि मुंबईहून दुसरं इंजिन आणलं. लेकीचं नाव सकवार. पाटल्या तिच्या आईच्या; आईमागे राहिलेलं सोनं तेवढंच. मोटार धावायला लागली, नव्या सरकारांनी ती पाहिली, आणि पाचशे रुपयांना घेतो असा शब्द दिला. आणि आज हे!

“मग किती द्यायचे?” सरकारांनी विचारलं. सरकार पंचविशीचे आणि हट्टी. हट्ट कशाचा धरायचा, ते मात्र कारभारी सांगायचे.

“भंगाराचा भाव. पन्नास!”

“पन्नासात तर पाटल्याही सुटत नाहीत, सरकार,” नाथा म्हणाला.

“मग मूळ इंजिन आण!” सरकार कडाडले. “उद्या सकाळी ते हिच्या पोटात दिसलं तर पाचशे. नाही दिसलं तर पन्नास घे आणि मोटार सोडून नीघ!”

“सरकार, ते फुटलं. त्याचे तुकडे तापवून मी विळे केले. अर्ध्या गावाने त्या विळ्यांनी गवत कापलं!”

“ते मला सांगू नकोस!”

नाथाच्या शेजारचा धोंडू तांबट हातात सायकल धरून तमाशा बघायला आला होता. तो नाथाच्या कानाशी लागला. “मी तेव्हाच म्हणालो होतो. पाटल्या गहाण टाकून माणूस म्हैस घेतो. तू काय घेतलंस? धूर!”

नाथाने मान खाली घातली. सकवारने नाही घातली. ती पुढे झाली.

“कारभारीसाहेब, हा नियम ह्या मोटारीपुरताच, की संस्थानातल्या सगळ्याला?”

“सगळ्याला! जे बाहेरून आणून बसवलं, त्याचं मोल उतरलं. सरळ हिशेब आहे!”

“मग दवंडी द्या की. वारं आहे तोवर लांब ऐकू जाईल.”

“देतो! मी काय कुणाला भितो?”

“इथून नको पण. आत चला, गादीसमोर उभे राहा, आणि तिथून द्या!”

काठी थांबली. कारभाऱ्यांचा हात पगडीवरून सुटला. पगडी उडाली ती थेट जुन्या तोफेखाली जाऊन बसली. उचलायला कोणी गेलं नाही.

कारण पटांगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थोरल्या सरकारांना मूलबाळ नव्हतं. नव्या सरकारांना त्यांनी भाऊबंदांतून दत्तक आणलं होतं. आणायला माणसं गेली, तेव्हा सरकार म्हशीच्या पाठीवर बसून चिंचा खात होते.

सरकारांचे कान मोटारीसारखे लाल झाले. “पोरी, गादीचं काय म्हणालीस?”

“गादीचं बोलणारी मी कोण, सरकार? मी मोटारीचंच बोलते. इंजिन गुपचूप बसवलं असतं, नाहीतर एखाद्या लॉरीचं काढून कोंबलं असतं, तर मीच म्हणाले असते, पन्नाससुद्धा जास्त झाले. पण हे त्याच कारखान्याचं, हिच्याच कुळातलं. त्याचा कागद आहे. बसवलं तेव्हा सगळं गाव अंगणात होतं. ह्या धोंडूकाकांनी पेढा खाल्ला. एक नाही, चार खाल्ले!”

“तीन!” धोंडू म्हणाला.

“दत्तक तरी ह्याहून वेगळं कसं घेतात, सरकार? कुळातलं मूल आणायचं, चारचौघांसमोर मांडीवर बसवायचं, कागद करायचा. मग कोणी विचारतं का, मूळचं कुठलं म्हणून?” ती कारभाऱ्यांकडे वळली. “आणि मूळच्याचं एवढं कौतुक तुम्हाला कसं हो? मूळचं इंजिन घाटात दर खेपेला बसायचं. मोटार मागून ढकलायला कोण होतं? तुम्हीच ना!”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सरकार हसले नाहीत.

“म्हणजे बदललेलं इंजिन मूळच्याच तोलाचं, असं म्हणतेस?”

“कधी कमी, कधी जास्त. घाट चढल्यावर कळतं.”

“आणि माझं मोल?”

नाथाने डोळे गच्च मिटले.

“सरकार आत्ता कुठे गादीवर बसलेत,” सकवार म्हणाली. “घाट अजून पुढे आहे!”

आणि सरकार हसले. असे हसले, की मोटारीच्या दारावर थापा मारू लागले, डोळे पुसू लागले.

“चल नाथा, बस शेजारी! घाट आत्ताच चढू! कारभारी, तुम्ही मागच्या फळीवर. ढकलायला लागलं तर तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा!”

ढकलायला लागलं नाही. मोटार एका दमात घाट चढली आणि उतरली. कारभारी मात्र खाली आले ते धुळीने पांढरे होऊन, बोडक्या डोक्याने. सरकारांनी पाचशे मोजले, आणि वर त्याच मोटारीतून सोनाराच्या दारात जाऊन पाटल्या स्वतः सोडवून आणल्या. सकवारने त्या तिथेच हातात चढवल्या.

दिवेलागणीला नाथा घराच्या पायरीवर टेकला, तेव्हा धोंडू आपली सायकल ढकलत आला. सायकल त्याला कधीपासून विकायची होती. त्याने ती भिंतीला लावली, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, “नाथा, हिचं मागचं चाक मी गेल्या साली बदललंय रे. चार माणसं बोलावून घेऊ का त्याला मांडीवर?”