झिप्री खार आणि डबक्यातली शेंग

ऐका हं. मांडी घाला. अंगठा तोंडातून काढा. काढला? बरं.

एक होती खार. एवढीशी. नाव तिचं झिप्री. पायाला भिंगरी, शेपटीला घाई. इकडे तुरुतुरु तुरुतुरु, तिकडे तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा झिप्रीला एक शेंग मिळाली. भुईमुगाची. मिठाच्या पाण्यात उकडलेली. गुराख्याच्या फडक्यातून पडली होती. आत दाणे तीन. एक आईला, एक धाकट्या गोंड्याला, एक झिप्रीला.

झिप्री निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु. एवढी घाई, एवढी घाई, की डबक्यावरून उडी मारताना शेंगच सुटली. डुबुक!

डबक्यात म्हैस डुंबत होती. पाणी सगळं गढूळ. झिप्रीने पंजा घातला. ढवळ ढवळ ढवळ. पाणी आणखीच गढूळ झालं. झिप्रीला आला राग. रागाबरोबर आलं रडू. छातीत वाजायला लागलं, धडधड धडधड.

"डबक्या, डबक्या, माझी शेंग दे."

"मलाच दिसत नाही, तुला काय देऊ? म्हैस उठेल, तर निवळेन. निवळेन, तर शेंग देईन."

झिप्री वळली म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ की गं. डबकं निवळेना, माझी शेंग काही मिळेना."

"मी नाही उठत जा. बाहेर आले की माशा चावतात. बगळा येऊन माशा टिपेल, तर उठेन."

झिप्री निघाली बगळ्याकडे. पाय तुरुतुरु तुरुतुरु. छाती धडधड धडधड.

"बगळेकाका, बगळेकाका, खाली उतरा की हो. म्हैस उठेना, डबकं निवळेना, माझी शेंग काही मिळेना."

"मी नाही उतरत जा. ही बाभळ बघ कशी गदागदा हलतेय. पंख उघडले तर काट्यांत अडकतील. बाभळ थांबेल, तर उतरेन."

झिप्री चढली बाभळीवर. पाय तुरुतुरु तुरुतुरु. छाती धडधड धडधड.

"बाभळीआजी, बाभळीआजी, थांब की गं. बगळा उतरेना, म्हैस उठेना, डबकं निवळेना, माझी शेंग काही मिळेना."

"मी नाही थांबत जा. मी का हौसेनं हलते? वारा बसेल, तर थांबेन."

झिप्री धावली वाऱ्यामागे. वारा काय हाती लागतो होय? पुढे वारा, मागे झिप्री. सूं सूं, तुरुतुरु. सूं सूं, तुरुतुरु. दमली बिचारी.

"वारोबा, वारोबा, बस की रे. बाभळ थांबेना, बगळा उतरेना, म्हैस उठेना, डबकं निवळेना, माझी शेंग काही मिळेना."

"मी नाही बसत जा. माझी धाकटी झुळूक हरवलीय. तिला शोधतोय. झुळूक सापडेल, तर बसेन."

वारा झिप्रीभोवती फिरला. तिच्या छातीला कान लावला. धडधड धडधड.

"अगं, ही काय इथे! तुझ्याच छातीत कोंडलीय. रागारागात आत ओढलीस, बाहेर सोडलीच नाहीस. सोड तिला. हळू सोड हं, लहान आहे ती."

झिप्रीने तोंड उघडलं. "फुस्स!" झुळूक आतच अडकली.

"हळू म्हटलं ना? आधी एका जागी बस."

झिप्री बसली. शेपटी पायाशी घेतली. नाकाने आत घेतलं. तोंडाने हळूच सोडलं. फूऽऽऽऽ. झिप्रीच्या मिशा हलल्या. झुळूक आली बाहेर.

झुळूक सापडली, वारा बसला. वारा बसला, बाभळ थांबली. बाभळ थांबली, बगळा उतरला. त्याने माशा टिपल्या, टुक टुक टुक. माशा गेल्या, म्हैस उठली. भसाडकन!

आणि डबकं? ते तर पहिल्याहून गढूळ झालं. एवढं धूड उठल्यावर दुसरं काय होणार?

झिप्रीची शेपटी ताठ झाली. पंजा शिवशिवला. छातीत पुन्हा धडधड धडधड. आता पंजा घालणार, एवढ्यात डबकं म्हणालं, "तू ढवळलंस, तर मी निवळू कसं?"

झिप्रीने पंजा पोटाशी धरला. काठावर बसली. फूऽऽऽऽ. गाळ थोडा खाली गेला. फूऽऽऽऽ. आणखी थोडा गेला. फूऽऽऽऽ. गाळ तळाशी बसला.

ती बघा शेंग!

झिप्रीने शेंग उचलली आणि घरी गेली. घरात गोंड्या थयथय नाचत होता. "माझा दाणा! माझा दाणा!" त्याच्या छातीत धडधड धडधड.

"देते रे," झिप्री म्हणाली. "आधी तुझी झुळूक सोड."

"फुस्स!"

"हळू सोड हं. लहान आहे ती."

गोंड्या बसला. शेपटी पायाशी घेतली. फूऽऽऽऽ.

मग झिप्रीने शेंग फोडली. टच्च! एक दाणा आईला, एक गोंड्याला, एक झिप्रीला. दाणे संपले, गोष्ट संपली. टरफलं तेवढी उरली, ती गोंड्याने पळवली.